शिवाराच्या बांधावरून : नवे मासे, परके पाणी

बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र तीन पानी आहे. त्यांतील दोन पाने माशांविषयी व एक पान शेजाऱ्यांविषयी आहे. कोंबड्यांची अंडी विकून साठविलेल्या पैशांतून त्यांनी जुलैअखेर आपल्या दहा गुंठ्यांच्या तळ्यासाठी कटला, रोहू व मृगळ या जातींची ५०० बोटुकली आणविली. गाडी दुपारी दोनच्या सुमारास पोहोचली. पाऊस उघडून कडक ऊन पडले होते. मुलांना कोण आनंद! त्यांनी पिशव्यांची तोंडे सोडली आणि बोटुकली धबाधब तळ्यात ओतली. सायंकाळी आंजेलुसची घंटा झाली तेव्हा काही मासे कुशीवर तरंगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो सगळा काठ पांढरा झालेला.

बांधापलीकडील घराशी पाटाच्या पाण्यावरून त्यांचा जुना वाद आहे. साहजिकच संशय तिकडे गेला. आता दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे आणि रविवारी मिस्सेहून परतताना ही मंडळी वेगवेगळ्या वाटा धरतात. पत्राच्या अखेरीस या भगिनी विचारतात, ‘तळ्यात विष कालविले गेले, हे कसे सिद्ध करावे?’

बाई, उत्तर तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. तळ्यातील जुने मासे जिवंत आहेत आणि बेडकांची पिल्ले काठाशी वळवळत आहेत, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. विषाला जुने-नवे कळत नाही. ज्या पाण्यात जुने सुखरूप राहिले आणि तेवढे नवेच मेले, तेथे पाण्यात काय टाकले यापेक्षा नवे त्या पाण्यात कसे उतरविले, याची चौकशी आधी करावी. हे मी मोठेपणाने सांगत नाही. पहिल्या वर्षी मीही अशाच दुपारी पिशवी ओतली होती, आणि बी देणाऱ्यास महिनाभर दूषणे देत होतो.

माशाचे रक्त आपल्यासारखे ऊबदार नसते. पाणी जितके उष्ण वा गार, तितकेच त्याचे शरीर. गाडीत सावलीत आलेल्या पिशवीतले पाणी आणि दुपारच्या उन्हाने तापलेले तळ्याचे वरचे पाणी यांत सात-आठ अंशांचाही फरक असू शकतो. दोन-तीन अंशांचा फरक बोटुकली सोसते. त्यापलीकडचा फरक एका क्षणात अंगावर आला, तर ती तेथेच हबकते, आणि पुष्कळदा मरते ती काही तासांनी. म्हणूनच माणसाला कारण उमगत नाही.

दुसरे कारण पिशवीच्या आत असते. पूर्वी पावसाळ्यात पूर आलेल्या नद्यांतून बी गोळा करीत आणि मातीच्या हंड्यांतून दूरदूर नेत. वाटेत पाणी हलवीत राहावे लागे. दि. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्याच मस्तकातील एका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि बियाण्यासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. (१० जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.) आज बी येते ते प्लास्टिकच्या पिशवीत, एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, तोंड घट्ट बांधलेले. या बंद घरात बोटुकली तासन्‌तास श्वास घेतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड पाण्यात मुरतो आणि पाणी किंचित आंबट होते. कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनियाही त्यातच साठतो. पाणी आंबट असेतोवर हा अमोनिया फारसा बाधत नाही. परंतु पिशवी उघडली, की तो वायू उडून जातो, आंबटपणा कमी होतो आणि तोच अमोनिया जहाल बनू लागतो. विष म्हणाल तर हेच, आणि ते कोणी बाहेरून आणलेले नव्हे.

तेव्हा रीत अशी ठेवावी. गाडी शक्यतो सायंकाळी येईल असे पाहावे. दुपारीच आली, तर पिशव्या झाडाखाली ठेवून ऊन उतरू द्यावे. नंतर बंद पिशव्या तशाच तळ्याच्या सावलीच्या बाजूस अर्धा तास तरंगत ठेवाव्या. उन्हात मात्र तरंगवू नयेत. आतले पाणी पाहता पाहता तापते. आतले व बाहेरचे पाणी हाताला सारखे लागू लागले म्हणजे तोंड सोडावे आणि तळ्याचे पाणी पेलापेलाने आत घालीत जावे. हे काम पाव तासात उरकावे. पिशवी उघडून गप्पा मारीत बसू नये. का, ते वर आलेच आहे. शेवटी पिशवीचे तोंड पाण्याखाली तिरपे धरावे आणि माशांना आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या परांनी, बाहेर पडू द्यावे. ओतू नये. जी बोटुकली आतच रेंगाळतील ती मोजून ठेवावी, म्हणजे बी देणाऱ्याशी बोलताना हाती आकडा राहतो.

तळ्यात जुने मासे आहेत, हे मात्र मला खटकले. त्यांत मरळ असेल, तर ती तुमची बोटुकली आनंदाने गिळील. जुने मासे काढण्यासाठी मोहाची पेंड वापरतात. मीटरभर पाण्याला एकरी सुमारे १,००० किलो. तिचा विषार उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे थांबावे आणि मगही प्रथम पाच-दहा बोटुकली जाळीदार कापडाच्या पेटीत घालून ती पेटी दिवसभर तळ्यात बुडवून ठेवावी. ती टिकली, तर बाकीची आणवावी. चुना टाकल्यावरही हीच परीक्षा घ्यावी.

एका बालवाचकाने काचेच्या भांड्यातील सोनेरी माशाविषयी विचारले आहे. बाळा, रीत तीच. फक्त पिशवीतले पाणी भांड्यात ओतू नकोस. मासा तेवढा जाळीने उचल. विहिरीचे ताजे पाणी शुद्ध असले तरी त्यात प्राणवायू कमी असतो. ते एक दिवस उघडे ठेवून अधूनमधून ढवळ.

आमचे प्रेषित पेत्र जाळे टाकण्यात वाकबगार होते, पण मासे पाळण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. आपल्यावर आला आहे. बी अजून मिळण्यासारखे असेल, तर बाई, या खेपेस ५०० एकदम आणवू नका, २०० आणवा. भरलेली पिशवी न हेंदकळता पाण्यात उतरवायची, तर दोन मोठी माणसे लागतात. मुलांचे ते काम नव्हे. बांधापलीकडच्या काकांना त्या सायंकाळी हाक मारा, आणि तुमच्या पत्राचे तिसरे पान त्यापूर्वीच चुलीत घाला. पहिल्या दिवशी माशांना काही खाऊ घालू नका. दुसऱ्या दिवशी दिवस उगवण्यापूर्वी तळ्यावर एक फेरी मारा. त्या वेळी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडीत असतील तर ताजे पाणी सोडावे लागेल. तसे काही नसेल, तर तांदळाचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड सारख्या प्रमाणात भिजवून, मूठभरापासून सुरुवात करा.