मास्तरांचा पासपोर्ट

आमचे घराणे मास्तरांचे. वडील, म्हणजे आमचे अप्पा, साताऱ्यास हायस्कुलात गणित शिकवीत. थोरल्या दादांनी त्याच गावात, एकाच शाळेत, पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले. मी पुण्यास एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. निदान वेळापत्रकात तरी तसे लिहिलेले आहे. दादा पिशवी घेऊन मंडईत निघाले की वीस मिनिटांच्या वाटेला तास लागतो. कोणी रिक्षा थांबवून पाया पडतो, कोणी डॉक्टर मोटारीची काच खाली करून "सर, ओळखलंत का?" असे विचारतो. दादा नाव विसरतात, पण कोणता बाक आणि कोणती खोडी हे अचूक सांगतात. मास्तरकीची मिळकत ती हीच, असे मी आजवर समजत होतो.

या समजुतीला तडा गेला तो दादांच्या लेकीमुळे. ती माझ्याहून अवघी बारा वर्षांनी लहान, त्यामुळे काका-पुतणीपेक्षा आमचे नाते जरा भावंडांसारखेच. बी. एस्सी., बी. एड. करून तिने पुण्यात तीन वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि २०१४ साली ती मस्कतला गेली. चार वर्षे तिथल्या भारतीय शाळेत, मग सहा वर्षे दोह्यास ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत, आणि २०२४ पासून क्वालालंपूरला, आय. बी. शाळेत. दिवाळीत ती आम्हांला बहुधा मोबाईलच्या पडद्यावरच भेटे. यंदा मात्र तिची सत्रामधली सुटी आणि दिवाळी एकदम आली आणि ती आठ दिवसांसाठी साताऱ्यास उतरली.

वसुबारसेच्या आधीच दादांचा फोन आला. "तू प्राध्यापक आहेस. तिला चार गोष्टी समजावून सांग. पुढच्या वर्षी राहणार की नाही, ते नोव्हेंबरअखेर शाळेला लेखी कळवायचं आहे म्हणे." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. जे ते बोलले नाहीत ते मला ठाऊक होते. वहिनी जाऊन तीन वर्षे झाली. ज्येष्ठात दादांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हा मुलीला विमान मिळेपर्यंत इस्पितळाच्या कागदावर सही मी केली होती.

तेव्हा मी तयारीनिशीच गेलो. फराळ झाल्यावर तिला ओट्यावर गाठले आणि विचारले, "हे बिऱ्हाड पाठीवर किती दिवस वागवायचं?"

"बिऱ्हाड?" ती हसली. "काका, मला वाटलं होतं तुम्ही पगाराचं विचाराल. सगळे तेच विचारतात."

पगाराचे मी विचारणारच होतो. मीही मध्यमवर्गीयच आहे. कतारमध्ये पगारावर आयकर नाही. शिवाय तिला घर शाळेचे आणि वर्षाकाठी एकदा विमानभाडे. पण निवृत्तिवेतन नाही. सोडून जाताना झालेल्या वर्षांच्या हिशेबाने ग्रॅच्युइटी हातात पडते आणि ऋणानुबंध संपतो. मलेशियात आयकर आहेच. शिवाय एकाच शिक्षकांच्या खोलीत दोन वेतनश्रेण्या नांदतात, परदेशातून आणलेल्यांची एक आणि तिथेच नेमलेल्यांची दुसरी. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांनीच अर्ज करावा, अशा जाहिराती तिने पुष्कळ पाहिल्या आहेत. एका शाळेने तर मुलाखत उत्तम झाल्यावर, 'आमच्या पालकांच्या अपेक्षा वेगळ्या असतात' असे फार गोड शब्दांत कळवले. ती हे सांगताना चकलीचा तुकडा मोडत होती, तो जरा जोरात मोडला, एवढेच.

कागदांची कथा तर पुराणासारखी. भारत २००५ साली ऍपोस्टीलच्या करारात सामील झाला आणि ओमान २०१२ साली. त्यामुळे मस्कतला जाताना पदवीच्या पाठीवर तो एक शिक्का पुरला. कतार त्या करारात नाही. म्हणून दोह्यासाठी तेच भेंडोळे आधी राज्य सरकारकडे, मग दिल्लीस परराष्ट्र मंत्रालयात, मग कतारच्या दूतावासात, असे फिरले. पोलिसांचा दाखला निराळाच. हे सगळे करून नोकरी मिळते ती दोन वर्षांची! त्यातले पहिले वर्ष शाळा समजण्यात जाते आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला विचारणा होते, राहता की जाता?

"आणि दोनाची चार वर्षं झाली तरच पुढची शाळा विचारते," ती म्हणाली. "करार मोडून आलेल्याला कोणी उभं करत नाही. आधीच्या मुख्याध्यापकांना परस्पर पत्र जातं. आपल्याविषयी त्यात काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही."

म्हणजे ज्याला मी भटकणे म्हणत होतो त्याची पायरीन् पायरी तिने चिरेबंदी बांधलेली होती. केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या दोनशेहून अधिक शाळा परदेशी आहेत. आपल्या बी. एड.ला तिथे मान आहे, पण तिथून ब्रिटिश शाळेत शिरणे म्हणजे उंबरठा मोठा. दोह्यास ती प्रथम प्रयोगशाळेतली साहाय्यक म्हणून शिरली, कमी पगारावर. दीड वर्षाने तिला वर्ग मिळाला. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने आपल्या अधिकृत शिक्षकपदाच्या दर्जासाठी भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना अर्ज खुला केला. भारतीयांपैकी गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांनाच ती संधी होती. पुतणीने त्याच वर्षी तो दर्जा मिळवला आणि त्यानंतर क्वालालंपूरचे दार उघडले.

या आय. बी. प्रकरणाचा मला नीट उलगडा नव्हता. राष्ट्रसंघ आणि कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जिनीव्हात एक शाळा निघाली. बापाची बदली झाली की मुलाने कोणत्या देशाची परीक्षा द्यायची, हा तिथला रोजचा प्रश्न. त्यातून १९६८ साली ही सर्वदेशीय परीक्षा उभी राहिली. त्या परीक्षेत पदार्थविज्ञानाच्या सूत्रांची पुस्तिका मुलांच्या हाती देतात, हे ऐकून शेजारी वाती वळत बसलेले दादा थांबले.

"सूत्रं हातात देतात? मग परीक्षा कशाची?"

"तेच, दादा." (बापाला ती आमच्यासारखेच दादा म्हणते.) "मलाही पहिल्या महिन्यात तेच वाटलं. मी फळाभर व्युत्पत्ती लिहून दिली, सुंदर अक्षरात, तुमच्यासारखी. एक मुलगा म्हणाला, मॅडम, हे पुस्तिकेत आहे, हे कुठे चुकतं ते सांगा ना. मुलांनी स्वतः प्रयोग रचायचा, स्वतः मोजायचं, चूक किती आली आणि का आली ते लिहायचं. बारा वर्षं शिकवल्यावर मला पुन्हा बी. एड.ला बसल्यासारखं झालं."

दादा काही बोलले नाहीत. पण रात्री झोपण्याआधी त्यांनी तिला विचारले, "लंबकाचा प्रयोग देतेस का कधी?" आणि मग त्या दोघांचे बाराला संपले.

इथे माझीही एक फुशारकी सांगून टाकतो. या पदविकेत मुलाला आपल्या मातृभाषेचे साहित्य, शाळेत तिचा शिक्षक नसला तरी, बाहेरच्या शिक्षकाच्या मदतीने अभ्यासता येते. यादीत नसलेल्या भाषेसाठी विनंती करावी लागते, आणि त्या भाषेत पुरेसे लिखित साहित्य असावे लागते. तिच्या शाळेत एक मराठी मुलगा आहे, घरी मराठी बोलणारा पण वाचताना अडखळणारा. "काका, त्याच्यासाठी विनंती करायची म्हणतोय आम्ही. शनिवारी तासभर घ्याल?" असे तिने विचारले. माझा विषय खंडाळ्याचा घाट ओलांडत नाही, असे मीच वर्गात विनोदाने सांगत असतो. तो विनोद आता मला मागे घ्यावा लागणार.

असो. मी मूळ मुद्द्यावर आलो. भारतातच आता या शाळा दोनशेहून अधिक आहेत, पुण्यातही आहेत, मग इकडेच का येत नाहीस, असे विचारले. उत्तर ऐकून मी गार झालो.

"येतेच आहे. पुण्याच्या एका शाळेशी बोलणं झालंय. राजीनाम्याचं पत्रही लिहून ठेवलंय, फक्त पाठवलेलं नाही."

"मग अडलं कुठे?"

"दोन वर्षांची पदविका असते, काका. जूनमध्ये सुटले तर माझी दुसरी तुकडी अर्ध्यावर राहते. पण दादांचं..." तिने आत पाहिले. "ज्येष्ठात मी विमानात सात तास बसून होते. उतरल्यावर फोन सुरू करायची भीती वाटत होती."

मी विजयी मुद्रेने दादांकडे गेलो. काम फत्ते झाले, ती येते आहे, म्हणून सांगितले. दादांचा चेहरा उतरला.

"तुला काय सांगितलं होतं मी?"

"समजाव म्हणून."

"राहायला समजाव! ती यायचं म्हणते म्हणून तर तुला बोलावलं."

मग त्यांनी फडताळातून अप्पांचा जुना ऍटलास काढला. त्यात इथिओपियाच्या शिक्षण खात्याचे १९६८ सालचे नेमणुकीचे पत्र होते. सम्राट हैले सेलासी यांच्या राज्यात भारतातून, विशेषतः केरळातून, शिक्षक मोठ्या संख्येने जात, हे मी वाचले होते. आमच्या घरात त्यातले एक पत्र येऊन पडले होते, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले. आजी त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. अप्पा गेले नाहीत. १९७४ साली तिकडे क्रांती होऊन सम्राटच गेले, तेव्हा अप्पाही एक ट्रान्झिस्टर घेऊन परतच आले असते, असे मी काहीतरी बोललो. दादा हसले नाहीत.

"अप्पांनी तक्रार कधी केली नाही. फक्त पावसाळ्यात संध्याकाळी हा काढायचे आणि मला अदिस अबाबा दाखवायचे. आजीला बाजेवरून दिसायचं ते. ती शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्यापायी राहिलं रे त्याचं. मला नाही त्या बाजेवर पडायचं."

पान उघडले. अदिस अबाबाच्या जागी कागद बोटाने झिजून नुसता पांढरा ठिपका उरला होता.

त्यानंतर बाप-लेकीत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी मुद्दामच गच्चीवर मुलांना फटाके लावून देत बसलो. तिने ते पत्र पाठवले की फाडले, हेही विचारले नाही. नोव्हेंबर संपायला अवकाश आहे.

भाऊबीजेच्या सकाळी मात्र दादा माझ्या खोलीत आले. पस्तीस वर्षे शाळेत आणि पुढे घरीही त्यांनी पांढऱ्या सदऱ्याखेरीज दुसरे काही घातलेले नाही.

"तुझा तो निळा सदरा दे जरा," ते म्हणाले. "पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरा पडदा असतो म्हणे. पांढरा सदरा चालत नाही."