नव्या सिस्टरची पहिली रात्रपाळी

संग्रामपूर, लोणार, मेहकरकडच्या मुली जीएनएम होतात, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवतात आणि एखाद्या खाजगी दवाखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून रुजू होतात. म्हणायचे शिकाऊ, आणि रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर सोडायचा, हा कुठला न्याय? वर ‘हे सेवेचे काम आहे’ असे ऐकवायचे. (डॉक्टरांना फी घेताना हे कुणी ऐकवत नाही.)

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये सुचवले. सुचवले, इतकेच.

प्रश्न पगारापुरता नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबागवर हल्ला झाला तो रुग्णालयातच, ती कपडे बदलायला गेली असताना. ती २०१५ साली गेली. तोवर तिला सांभाळले ते तिथल्या परिचारिकांनीच. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दवाखान्यातली मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. हे तिला रुजू होताना कोण सांगते?

मैत्रिणींनो, नेमणूकपत्र लेखी मागणे, मूळ प्रमाणपत्रे ताब्यात न देता झेरॉक्स देणे, हे बावीस वर्षांच्या मुलीला एकटीने जमत नाही. मंडळातल्या दोघी तिच्यासोबत जा. या मुलींना बैठकीलाही बोलवा. फक्त वेळ त्यांना विचारून ठरवा. रात्रपाळी करून आलेली मुलगी दुपारी झोपलेली असते.