या वयात कशाला?

९ नोव्हेंबर १९६२ रोजी धोंडो केशव कर्वे पुण्यात गेले, तेव्हा त्यांचं वय १०४ होतं. आपण त्यांना महर्षी म्हणतो, त्यांच्या नावाचे रस्ते आपल्या शहरांत आहेत, शाळेत त्यांच्यावर धडा असतो. त्यांचं आयुष्य इतकं लांबलं हा मात्र आपण नशिबाचा भाग समजून सोडून देतो. मला अलीकडे तीच गोष्ट फार महत्त्वाची वाटू लागली आहे.

१९१४ मध्ये कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. पुनर्विवाह, त्यावरून सोसलेला बहिष्कार, अनाथ बालिकाश्रम, हिंगण्याची शाळा हे सगळं तोवर करून झालं होतं. एका माणसाच्या वाट्याला एवढं पुष्कळ झालं, असं कुणीही म्हटलं असतं. महिला विद्यापीठ त्यानंतरचं आहे. १९१६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा कर्वे ५८ वर्षांचे होते. एकाहत्तराव्या वर्षी ते परदेश दौऱ्यावर निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला. या प्रत्येक वेळी घरातलं, शेजारचं कुणीतरी म्हणालंच असेल: अण्णा, आता या वयात कशाला?

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि आता मला त्याचा राग येतो. माझ्या आत्याला ऐंशीच्या पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती शस्त्रक्रिया करून घ्यायची म्हणाली, तेव्हा नात्यातल्या चांगल्या, प्रेमळ माणसांनी हेच विचारलं. कशाला उगाच त्रास, आता किती दिवस राहिलेत, देवाचं नाव घ्यावं. आत्याला पेपर वाचायचा होता. शस्त्रक्रिया झाली आणि पुढची कित्येक वर्षं रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिराती ती आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची, प्रत्येक स्थळावर स्वतःचं मत देऊन. अशा किती सकाळी तिला हव्या होत्या, हे ठरवायचा अधिकार तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही नव्हता.

मृत्यूचा स्वीकार हा शब्द आपल्याकडे फार आदरानं उच्चारला जातो. तो आदर मलाही आहे. पण घराघरांत पाहिलं तर हा स्वीकार बहुतेक वेळा दुसऱ्याकडून मागितला जातो. तरुण तो म्हाताऱ्यांकडून मागतात, धडधाकट आजाऱ्यांकडून, आणि बायकांकडून तर तो नेहमीच मागितला जातो. पिकलं पान गळायचंच, असं म्हणणारा सहसा स्वतःच्या देठाबद्दल बोलत नसतो.

आपण मराठी माणसं अल्पायुषी माणसांना फार जीव लावतो. ज्ञानेश्वरांनी एकविसाव्या वर्षी आळंदीत समाधी घेतली, तो आपल्या मनावरचा सर्वांत खोल ठसा आहे. त्यामुळे असेल, पण लवकर गेलेल्या प्रत्येकाच्या मृत्यूत आपण काहीतरी पूर्णत्व शोधू लागतो. आनंदीबाई जोशी गेल्या तेव्हा त्या एकवीसच वर्षांच्या होत्या. कल्याणची ही मुलगी. चौदाव्या वर्षी आई झाली, बाळ दहा दिवसांत दगावलं, आणि त्या दुःखातून वैद्यक शिकायला पेनसिल्व्हेनियापर्यंत पोहोचली. मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ला, एकाही रुग्णाची नाडी तिथे तपासण्याआधी, ती पुण्यात क्षयानं गेली.

यात पूर्णत्व कसलं? हा निव्वळ तोटा आहे. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधून पाच वर्षं झाली होती. त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून अर्ध्या शतकाहून अधिक काळ जायचा होता. त्याच क्षयानं १७७२ मध्ये थेऊरला माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी गेले. केशवसुत एकोणचाळिसाव्या वर्षी हुबळीत प्लेगनं गेले. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच्या दोनच महिने आधी मुंबईत वाल्डेमार हाफकिननं प्लेगची लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. दोन महिने आणि पुणे-मुंबई एवढंच अंतर. हे वाचलं की अजूनही माझा जीव कळवळतो.

म्हणून अधिक जगण्याची इच्छा हा हव्यास आहे, असं कुणी म्हणालं की मला ते मान्य होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान पंचवीसच्या आसपास होतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ते बत्तिसाच्या घरात होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे. (याचा अर्थ पूर्वी सगळे पंचविशीत म्हातारे होऊन मरत असा नाही, लहान मुलं इतकी मरत की सरासरीच खाली ओढली जाई. ज्या घरात आठ बाळंतपणं झाली आणि तीन मुलं वाढली, अशी घरं आपल्या पणजीच्या पिढीत सर्वत्र होती.) ही मिळालेली वर्षं लस, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण आणि जंतुनाशक औषधं यांनी दिली. मरण अटळ आहे असं म्हणून स्वस्थ बसलेल्यांनी नाही दिली.

आता ही इच्छा फार पुढे गेली आहे. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशीला चार जनुकांच्या साहाय्यानं मूळपेशीच्या अवस्थेत परत नेऊन दाखवलं. पेशीचं वय मागे फिरू शकतं, ही कल्पना तेव्हापासून प्रयोगशाळेत खरी झाली. गुगलनं २०१३ मध्ये वार्धक्यावर संशोधन करणारी कॅलिको ही कंपनी काढली. ब्रायन जॉन्सन हा अमेरिकी उद्योजक म्हातारपण थोपवण्यासाठी दरवर्षी लाखो डॉलर खर्च करतो. एकदा त्यानं स्वतःच्या किशोरवयीन मुलाच्या रक्तातला प्लाझ्माही टोचून घेतला आणि फायदा दिसला नाही म्हणून थांबवला. ॲरिझोनातली एक संस्था मृतदेह द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवते, पुढं कधी विज्ञान जागं करील या आशेवर. इतकं होऊनही सर्वाधिक जगल्याचा नोंदलेला विक्रम अजून फ्रान्सच्या झान काल्माँ यांच्याच नावावर आहे: १२२ वर्षं. त्या १९९७ मध्ये गेल्या.

या संशोधनाला मी नावं ठेवणार नाही. त्यातून उद्या स्मृतिभ्रंशावर एखादं औषध निघालं तर हजारो घरं वाचतील. माझा आक्षेप आहे तो क्रमावर. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. आनंदीबाईंना मारणारा रोग आता बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, सरकारी केंद्रात ती औषधं फुकट मिळायला हवीत, आणि तरीही माणसं त्यानं मरतात. कुणाला दीडशे वर्षं मिळावीत यापेक्षा सगळ्यांना सत्तर मिळावीत, ही अमरत्वाच्या शोधातली पहिली पायरी मला वाटते.

मग कायमचं जगायला मिळालं तर? इथे मी थांबतो, आणि थांबण्याचं कारण पुन्हा कर्व्यांच्याच आयुष्यात आहे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुड हे त्यांचं गाव, दापोलीजवळचं. गावातल्या ज्येष्ठांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला; आपल्याच घरी, आपल्याच आईकडे मोकळेपणानं जाणं त्यांना अवघड झालं. ते ज्येष्ठ दुष्ट नव्हते. आपण धर्म राखतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. कल्पना करा, ती सगळी मंडळी अमर असती. आजही गावच्या बैठकीत तीच बसली असती, जमीन त्यांच्याच नावावर असती, निर्णय त्यांचेच असते. विधवांच्या पुनर्विवाहाचा वाद युक्तिवादानं जितका जिंकला गेला, तितकाच तो जुनी पिढी निघून गेल्यामुळेही संपला. हे कटू आहे, पण खरं आहे. आणि मी स्वतः आज ज्या कशाला प्रामाणिकपणे धर्म समजतो आहे, त्यातलं काय माझ्या नातीला जाचक वाटेल, हे मला कसं कळणार? तिच्यासाठी मला कधीतरी जागा सोडलीच पाहिजे.

लांब आयुष्याची दुसरी किंमतही कर्व्यांनी मोजली. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्येच गेली होती. सत्तावन्न वर्षं साथ दिलेल्या गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, १९५० मध्ये गेल्या. थोरला मुलगा रघुनाथ, संततिनियमनासाठी सगळ्या समाजाशी झुंजलेला, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सत्तावीस साली काढून शेवटपर्यंत एकहाती चालवणारा, तो १९५३ मध्ये गेला. बाप तेव्हा पंच्याण्णव वर्षांचा होता आणि त्यानंतर आणखी नऊ वर्षं जगला. भारतरत्न आलं ते १९५८ मध्ये. त्या दिवशी अण्णांच्या मनात काय होतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

चांगदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. काळ न्यायला आला की योगबळानं त्याला परतवून चौदाशे वर्षं जगलेला योगी, आणि त्यानं कोरा कागद पाठवला तेव्हा चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला म्हणणारी लहानगी मुक्ताबाई. मला त्या कथेत चांगदेव हास्यास्पद वाटत नाहीत. एवढ्या वयात ते एका मुलीचे शिष्य झाले. पुढे पुणतांब्याला गोदेकाठी त्यांनी देह ठेवला. तिथं त्यांची समाधी आहे. काळाला परतवायचं सोडून दिलं, तेही शिकल्यानंतर.

पण हे सगळं शंभरीच्या आणि अमरत्वाच्या टोकाचं झालं. आपल्यासारख्यांच्या घरात हा प्रश्न येतो तो अतिदक्षता विभागाच्या दाराशी. माझ्या काकांच्या वेळी आम्ही सगळे तिथं उभे होतो. डॉक्टरांनी विचारलं, पुढे काय करायचं? परदेशातून फोनवर चुलतभाऊ म्हणाला, सगळं करा. आम्हीही तेच म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. काका व्हेंटिलेटरवर कित्येक आठवडे होते, हात बांधलेले, बोलता येत नव्हतं. ते गेल्यावर त्यांच्या बागेतल्या कट्ट्यावरच्या मित्रांनी सांगितलं, तो नेहमी म्हणायचा, मला नळ्या लावू नका. कट्ट्यावर सांगितलं होतं, घरी नव्हतं सांगितलं. आत्याला कुणी विचारलं नाही तरी ती बोलू शकत होती. काका बोलू शकत नव्हते.

अरुणा शानबागही सांगू शकत नव्हत्या. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर अत्याचार झाला, त्यानंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या तिथंच अंथरुणावर होत्या, १८ मे २०१५ला जाईपर्यंत. त्यांना आता जाऊ द्यावं, अशी याचिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या परिचारिकांनी त्याला विरोध केला, कारण त्यांनी तिला इतकी वर्षं मायेनं जपलं होतं. दोन्ही बाजूंना तिच्याबद्दल तळमळ होती. तिचं म्हणणं काय, हे मात्र कुणालाच विचारता येत नव्हतं. २०११ मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळली, पण कठोर अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग पहिल्यांदा मोकळा केला.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो हे मान्य केलं आणि शेवटच्या आजारात आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची सोय दिली. तेव्हा त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती, त्यामुळे फारसं कुणी ते केलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ती पद्धत सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कुणालाही हा कागद करता येतो. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीनं कोण बोलणार त्या माणसाचं किंवा माणसांचं नाव. तो केव्हाही बदलता येतो, रद्द करता येतो. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं स्वतंत्रपणे पाहून मगच निर्णय घेतात, त्यामुळे कुणी घाईनं आपला गळा आवळेल अशी भीती बाळगायला नको. ज्याला शेवटच्या श्वासापर्यंत झुंजायचं आहे, त्यानं तेही घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं. ती इच्छाही तितकीच मानाची आहे.

ज्याला खूप जगायचं आहे त्यानं तर हा कागद आधी करावा, असं मला वाटतं. मलाही खूप जगायचं आहे. मी माझा कागद केला आहे आणि त्याची प्रत मुलीकडे, धाकट्या भावाकडे आणि आमच्या डॉक्टरांकडे दिली आहे. येत्या रविवारी तुमच्या घरी जेवणं झाली की आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना जवळ बसवा आणि विचारा: तुम्हाला काय हवंय? मग तुम्हाला काय हवंय, तेही त्यांना सांगा.