‘सोपी’ म्हणे!

मंडळी, मत्स्यालयाच्या दुकानातली ‘नवशिक्यांसाठी सोपी’ ही पाटी मला साफ नामंजूर आहे. जावा फर्नचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. ते दगडाला किंवा लाकडाला बांधावं लागतं. पुष्कळ रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. टाकीत बुडवली की जुनी पानं झडतात, मग पाण्यातली नवी फुटतात. हे कोणी सांगत नाही. वर ऐकवतात, "काका, एवढं सोपं रोप जगत नाही?"

सोपेपणा रोपात नसतो, जागेत असतो. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर वसईच्या बावखलातून हायड्रिला आणत. तिथे ती कोणी लावली नव्हती! हीच हायड्रिला १९५०च्या दशकात मत्स्यालयांसाठी फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तळ्यांत तण होऊन बसली.

वर्गात "सोपं गणित आहे" म्हटलं, की ज्याला ते येत नाही ते पोर हात वर करणंच सोडतं. शिक्षकाला हे कळायला हवं, तसं दुकानदारालाही. ‘सोपी’ पुसा, प्रकाश किती, खोड कुठे, पानं का झडतील, एवढं लिहा.