नैसर्गिक मरण, पण कोणासाठी?

घरचा कुत्रा चौदा वर्षांचा झाला, मागचे पाय गेले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नैसर्गिकरीत्या जाऊ दे रे त्याला." ऐकायला छान वाटतं. पण किडन्या निकामी झालेल्या कुत्र्याचं नैसर्गिक मरण म्हणजे उलट्या, तोंडात फोड, अन्न बंद, आणि हे सगळं कित्येक दिवस! यात निसर्ग कमी आणि आपली टाळाटाळच जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाप लागेल म्हणणाऱ्यांना १९२८ सालची गोष्ट सांगावी. साबरमती आश्रमात तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववलं. वर संतापलेल्या लोकांना जाहीर उत्तरंही दिली.

आता आपल्याला आकडे लागतात (आयटीवाले ना!). २००४ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी १० गुण, बेरीज ३५च्या वर असेल तर ठीक. मला शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा वाटतो. कॅलेंडरवर वाईट दिवसाला फुली मारायची, बस. आमच्याकडे या महिन्यात अकरा झाल्यात. फुली आई मारते, कारण दिवसभर त्याच्याजवळ तीच असते.

प्रत्यक्षात आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि डॉक्टर येत असतील तर घरीच बोलवा. दवाखान्याच्या दारातच बऱ्याच कुत्र्यांना कापरं भरतं.