नवी डोकेदुखी अंगावर काढू नका

आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेले सभासद वर्षागणिक वाढताहेत, शिवाय उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. त्यांच्यासाठी या वेळी एका आजाराबद्दल लिहिते आहे: टेम्पोरल आर्टरायटिस, कानशिलावरच्या रक्तवाहिनीला येणारी सूज. पन्नाशीच्या आत हा आजार जवळजवळ होतच नाही, सत्तरीनंतर सर्वाधिक होतो आणि बायकांना जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने भारतीयांत तो कमी, म्हणूनच आपल्या माणसांच्या बाबतीत शंका उशिरा येईल याची मला धास्ती वाटते.

कधी नव्हे ते कानशील ठणकू लागतं. केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. बारीक ताप येतो, वजन उतरतं, सकाळी खांदे आणि मांड्या आखडतात. घरी बाम चोळला जातो; ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून मुलांना सांगितलंही जात नाही. मग एखाद्या दिवशी एका डोळ्यापुढे पडदा येऊन जातो, किंवा एकाचे दोन दिसतात. तेव्हाही थांबलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. उपचार नसतील तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

म्हणून त्याच दिवशी जीपीला फोन करा आणि जबड्याचं दुखणं आवर्जून सांगा. नजरेत फरक पडला असेल तर थेट ए अँड ई गाठा. इंग्लंडमध्ये तिथले उपचार पाहुण्या आई-वडिलांनाही मोफत आहेत. दाखल व्हावं लागलं तर बिल येऊ शकतं, त्यासाठी प्रवासविमा हवा. ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या, रक्तवाहिनीची सोनोग्राफी किंवा बायॉप्सी यांवरून निदान होतं. पण संशय दाट असेल तर डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत; प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लगेच सुरू होतं, बहुधा रोज ४० ते ६० मिलिग्रॅम.

इथे आपल्या घरांतली स्टेरॉइडची भीती आडवी येते. ती खोटी नाही. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. त्यासाठी साखर तपासत राहावी, हाडांच्या औषधांबद्दल विचारावं, पूर्वी क्षयरोग झाला असेल तर तो लपवू नये. मात्र दोन-तीन दिवसांत डोकं उतरलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं फार धोक्याचं आहे. आजार उलटतो, शिवाय शरीराला अचानक स्टेरॉइड तुटल्याचा जबर फटका बसू शकतो. डोस सावकाश उतरवायला वर्ष-दोन वर्षं लागतात. एनएचएसचं स्टेरॉइड कार्ड पाकिटात असू द्या, आणि भारतात जाताना गोळ्या सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा ‘तब्येत कशी आहे’ एवढ्यावर थांबू नका. डोकं नव्यानं दुखतंय का, जेवताना जबडा दुखतो का, हेही विचारा.