सायकलीचे उंची भाग: घ्यावे कीं न घ्यावे?

२०२६ च्या जानेवारी महिन्यांत पुणें जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय दर्जाची सायकल-शर्यत झाली आणि तिचा एक टप्पा पुरंदर तालुक्यांतून निघून बारामतीस संपला. तेव्हांपासून नीरेच्या खोऱ्यांतील घरांत एक नवा विषय निघूं लागला आहे. सोमेश्वरनगरच्या एका एकत्र कुटुंबाचा प्रश्न मासला म्हणून येथें घेतों. थोरल्या पुतण्यानें स्वतःच्या पगारांतून रोड सायकल घ्यावयाचें ठरविलें आहे; त्याबद्दल घरांत कोणाची तक्रार नाहीं. परंतु गिअर, ब्रेक, चेन वगैरे भागांचा जो सर्वांत वरचा संच शर्यतींतले नामांकित स्वार वापरतात, तोच आपल्याला हवा असें तो म्हणतो. घरचा जमाखर्च पाहणारे काका विचारतात कीं, मधल्या प्रतीच्या संचाच्या जवळजवळ दुप्पट दाम मोजून पदरीं अधिक काय पडतें? यावर पुतण्याचें उत्तर, “काका, तुम्हांला त्यांतलें कळत नाहीं,” एवढेंच आहे. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अपुरें आहे. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही त्यालाच देत आहों.

हे भाग करणाऱ्यांत जपानांतील शिमानो हें नांव सर्वांत परिचयाचें. १९२१ सालीं साकाई येथें सुरू झालेल्या या कारखान्याच्या रोड सायकलीच्या भागांची एक उतरंडच आहे: वर ड्युरा-एस, तिच्याखालीं अल्टेग्रा, तिच्याखालीं १०५ आणि मग आणखी साध्या पायऱ्या. अगदीं खालच्या पायरीवरून १०५ पर्यंत चढतांना पैशाचा मोबदला हाताला आणि पायाला स्पष्ट जाणवतो; गिअर नेमका पडतो, ब्रेक कमी जोरांत लागतो. पुढें मात्र पायरीगणिक दाम झपाट्यानें वाढतो आणि मोबदला तितक्याच झपाट्यानें आटतो.

उंची संचाचा मुख्य गुण म्हणजे हलकेपणा. ड्युरा-एसचा बारा गिअरांचा संच अदमासें २,४४० ग्रॅम भरतो, अल्टेग्राचा २,७२०, आणि विजेवर चालणारा १०५ सुमारें ३,०००. पहिल्या आणि तिसऱ्या पायरींतलें अंतर अर्ध्या किलोच्या किंचित वर आहे. सायकलीला लावलेली पाण्याची लहान बाटली भरली काय आणि रिकामी झाली काय, तेवढाच हा फरक. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर वजनांत शेंकडा पाऊण टक्काही घट होत नाहीं. पुण्याकडून दिवे घाट चढावयास ज्याला वीस मिनिटें लागतात, त्याचे या खटाटोपानें सात-आठ सेकंद वांचतील. ज्याचा पहिला आणि दुसरा नंबर इतक्याच सेकंदांनीं ठरतो, त्याला ते सोन्याच्या मोलाचे आहेत यांत शंका नाहीं. मात्र सोमेश्वरनगराभोंवतीं नीरेच्या डाव्या कालव्याचा प्रदेश बहुतेक सपाट आहे. सपाटीवर वजनाची अडचण थोडी. तेथें स्वाराचा खरा वैरी वारा, आणि वाऱ्याशीं झुंजतांना गिअर कोणत्या धातूचे आहेत याला किंमत नाहीं. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असूं नये असें बंधन आहे, तेव्हां हलकेपणाच्या हौसेला तेथेंही कुंपण आहेच.

दाम जास्त तेथें टिकाऊपणा जास्त, हा तांब्यापितळेच्या भांड्यांचा न्याय येथें लागू पडत नाहीं, हें काकांनीं आणि पुतण्यानें दोघांनींही ध्यानांत घ्यावें. ड्युरा-एसच्या मागच्या दांतेचक्रांपैकीं मोठीं चक्रें टायटेनियमचीं असतात, अल्टेग्राचीं पोलादाचीं. टायटेनियम हलकें खरें, पण झिजण्याच्या बाबतींत पोलादच उजवें. म्हणजे अधिक पैसे देऊन जी वस्तु घ्यावयाची, ती लवकर बदलावी लागण्याचाच संभव अधिक.

आणि नवी युक्ति वरच्या पायरीवरच कायमची अडकून राहते असेंही नाहीं. विजेच्या बळावर गिअर बदलण्याची योजना शिमानोनें २००९ सालीं ड्युरा-एसमध्यें आणली, २०११ मध्यें ती अल्टेग्रांत उतरली आणि २०२२ मध्यें १०५ मध्यें आली. धीर धरणाऱ्याला तीच सोय पुष्कळ कमी दामांत मिळाली.

आतां सोमेश्वरनगरच्या रस्त्याचा विचार करूं, कारण सायकल जाहिरातींतल्या रस्त्यावर चालवावयाची नसून याच रस्त्यावर चालवावयाची आहे. सोमेश्वर साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे उंसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रीघ लागते. रस्त्यावर पाचट पडतें, माती पडते, आणि कडेला सरावें तर बाभळीचे कांटे. अशा ठिकाणीं सायकल एकदां तरी आडवी होणारच. उजव्या अंगावर पडली कीं पहिला मार बसतो तो मागच्या चाकाजवळ बाहेर लोंबणाऱ्या, चेन सरकविणाऱ्या यंत्राला. हें यंत्र मोडलें तर ड्युरा-एसवाल्याला पुन्हां तोच भारी दाम मोजावा लागतो. दुरुस्तीचीही गोष्ट तशीच. ड्युरा-एस आणि अल्टेग्रा यांचे बारा गिअरांचे संच केवळ विजेवरचेच निघतात. १०५ मात्र तारेवर चालणाराही मिळतो. तार तुटली तर ती बदलणारा माणूस तालुक्याच्या गांवीं सांपडण्याची आशा असते. विजेचा संच बिघडला तर पुण्याची वाट धरण्याची तयारी ठेवावी. आमचें मत विचाराल तर या घरासाठीं तारेचा १०५ हीच योग्य निवड. घरांत मोबाइल चार्ज करण्यावरून आधींच तंटे होतात, त्यांत सायकलीची भर कशाला?

वांचलेल्या पैशांतला पहिला हिस्सा टायरांना द्यावा. सायकल हलकी पळते ती पुष्कळ अंशीं चांगल्या टायरामुळें, आणि येथें तर कांट्यांस दाद न देणारा थोडा रुंद टायर हवा. दुसरा हिस्सा चांगल्या हेल्मेटास आणि हंगामांत पहाटे-सायंकाळीं दिसण्यासाठीं पुढच्या-मागच्या दिव्यांस. तिसरा चेनीला. चेन ही धुळीनें झिजणारी वस्तु आहे, आणि झिजलेली चेन दांतेचक्रांनाही खाऊन टाकते. तिची परीक्षा घरच्या पट्टीनें होते: चेनीच्या चोवीस कड्यांची लांबी पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर बारा इंच असावी. ती बारा इंचांवर एक सोळांश इंच भरली कीं चेन बदलावी. वेळेवर बदललेली साधी चेन विसरलेल्या उंची चेनीहून पुष्कळ पैसे वांचविते.

इतकें सांगूनही पुतण्याच्या बाजूनें एक शब्द बोलणें आम्हांला जरूर वाटतें. पैठणीला उपयोग विचारीत कोणी बसत नाहीं. तिच्या विणीवर मन बसलें म्हणूनच ती घेतात. ड्युरा-एसच्या घडणींतही तसें सौंदर्य आहे, आणि आपल्या कमाईंतून, घरचा वांटा देऊन झाल्यावर, कोणी तें विकत घेतलें तर त्याला उधळ्या म्हणूं नये. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां सायकल हीच सधनांची चैन होती. आमचा आक्षेप चैनीला नाहीं. चैनीला ‘गरज’ म्हणून काकांपुढें मांडण्याला मात्र आहे. ‘मला आवडतें’ असें पुतण्या सरळ म्हणाला असता, तर काकांनीं निदान ऐकून तरी घेतलें असतें. दागिन्याशीं तुलना करतां एवढें मात्र सांगावें लागतें कीं, सोनें मोडींत काढलें तर त्याचा भाव येतो, वापरलेल्या गिअरांचा येत नाहीं.

याच पत्रांत शेवटीं सहज एक ओळ आली आहे, आणि आमच्या दृष्टीनें सगळा प्रश्न तेथेंच आहे. धाकटी चुलतबहीण कॉलेजांत जाते. तिलाही भावाबरोबर सायकल चालवावयाची इच्छा आहे, पण ‘एका घरांत दोन सायकली कशाला’ म्हणून तिचें बोलणें थांबलें आहे. दोन संचांच्या दामांतल्या फरकांत एक साधी, निकोप रोड सायकल सहज येते. भावाचे सात सेकंद एकीकडे आणि बहिणीची सायकल दुसरीकडे, असा हिशेब वहींत मांडल्यावर निर्णय काका-पुतण्यांनीं मिळून करावा. तिची सायकल घेतांना सांगाडा मात्र तिच्या उंचीच्या मापाचाच घ्यावा. भावाच्याच मापाची सायकल आणून सीट खालीं केल्यानें काम भागत नाहीं, कारण हँडल तेवढेंच लांब राहतें आणि पाठ दुखूं लागते.